झोरोपेक्षा त्याचा वस्ताद भारी

'द मास्क ऑफ झोरो' परवा पुन्हा बघितला. १९९८ चा सिनेमा, मास्क घालून तलवारीनं लढणाऱ्या झोरोचा. नववी-दहावीत केबलवर हिंदीतून बघताना आम्हा पोरांचं सगळं लक्ष काळा घोडा, काळा मास्क आणि अंतोनिओ बँदेरासवर. आता बघताना वाटलं, सिनेमा खरा अँथनी हॉपकिन्सनं खाल्लाय.

तो म्हणजे डिएगो, जुना झोरो. वीस वर्षं तुरुंगात काढलेला. बायको गेली, लेक वैऱ्याच्या घरात त्यालाच बाप समजून वाढली. अशात त्याच्या हाती लागतो आलेहांद्रो, म्हणजे बँदेरास, भावाच्या सुडासाठी पेटलेला दारुडा चोर, पुढचा झोरो. डिएगो आधी त्याला अडवतो, मग गुहेत नेऊन जमिनीवरच्या गोलांत उभा करतो. आता हेच तुझं जग, म्हणतो. हात बसेल तसतसा गोल लहान होत जाणार. ज्यानं तालमीत वस्तादांचा मार खाल्लाय त्याला हा प्रसंग समजावून सांगायला लागत नाही!

आपल्या मर्दानी खेळातही पवित्रा आधी, हत्यार नंतर. दांडपट्टेवाला माणसाच्या तळहातावरचं लिंबू कापतो ना, तेव्हा त्याचे पाय बघा. सगळा अंदाज तिथं असतो.

या सिनेमातली तलवारबाजी बसवली बॉब अँडरसननी. १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून उतरलेला तलवारबाज, पुढं 'स्टार वॉर्स'च्या दोन सिनेमांत खलनायक डार्थ व्हेडरच्या वेशात लढलेला. म्हणूनच इथं कोण कुठं सरकला, वार कुणी कसा अडवला, सगळं नीट दिसतं. जेम्स हॉर्नरच्या संगीतातही फ्लेमेंको या स्पॅनिश नाचातल्या टाचांचे ठेके वाजत राहतात.

तबेल्यातली लढत मात्र आता खटकते. कॅथरिन झीटा-जोन्सची एलेना, म्हणजे डिएगोची ती लेक, काय तडफेनं तलवार चालवते! आणि शेवट काय, तर आलेहांद्रो तिचे कपडे कापतो. तिच्या हाताला साजेसा शेवट हवा होता.

आपल्याकडं ऐतिहासिक सिनेमे धडाक्यात निघतायत, आनंदच आहे. पण बऱ्याचदा वार सुरू झाला की कट, घोडा, परत कट, वर ढोल. पट्टा पुरता फिरलेला दिसतच नाही. अहो, कोल्हापुरात पट्टा शिकवणारे वस्ताद आहेत. त्यांना मानानं बोलवा, नटांना त्यांच्या हाताखाली द्या आणि एक लढत तरी पायांसकट, न तोडता दाखवा. पहिल्या शोला तिकीट काढून मी हजर.