दहा हजार पावलं, जीपीएस आणि बोटावरचं बीपी: एका फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

व्हॉट्सॲपवर सारखा फिरणारा एक संदेश आहे. शब्द बदलतात, दावे तेच राहतात: जागतिक आरोग्य संघटनेनं रोज १०,००० पावलं सांगितली आहेत, त्याहून कमी चालणं वाया; फोन जीपीएसवरून एकेक पाऊल अचूक मोजतो, म्हणून जीपीएस दिवसभर सुरू ठेवा; १०,००० पावलं म्हणजे ५०० कॅलरी; कॅमेऱ्यावर बोट ठेवलं की बीपी आणि ऑक्सिजन कळतो, मशीन घ्यायची गरज नाही; आणि शेवटी, दोन-तीन ॲप टाका, मागतील त्या परवानग्या द्या. यातला चौथा दावा जिवावर बेतू शकतो. तरीही क्रमानेच जाऊ.

‘संघटनेनं १०,००० सांगितली आहेत’

संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रौढांसाठी पावलांचा आकडाच नाही. तिथला हिशेब मिनिटांचा आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम, शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. दहा हजार हा आकडा जपानमधून आला. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, यामासा या कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजण्याचं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव ‘मानपो-केई’: मान म्हणजे दहा हजार, पो म्हणजे पावलं, केई म्हणजे मापक. विक्रीसाठी ठेवलेलं नाव पुढे जगभर आरोग्याचा नियम होऊन बसलं.

संशोधन आलं ते बऱ्याच नंतर. अमेरिकेतल्या १६,७४१ वयस्क स्त्रियांच्या, सरासरी वय ७२, अभ्यासात (२०१९) दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी दिसलं, आणि ७,५०० च्या आसपास फायदा वाढायचा थांबला. २०२२ मध्ये १५ अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्षही असाच आहे: साठीपुढे ६,००० ते ८,००० आणि साठीच्या आत ८,००० ते १०,००० पावलांपाशी आलेख सपाट होतो. हे निरीक्षणावर आधारलेले अभ्यास आहेत. आजारी माणूस मुळातच कमी चालतो, त्यामुळे सगळं श्रेय चालण्याला देता येत नाही. पण ‘कमी चालणं वाया’ हे वाक्य मात्र यातून पूर्ण खोटं ठरतं. गुडघे दुखत असताना दिवसाला ३,००० पावलं चालणाऱ्या आजींना सर्वांत मोठा लाभ पुढच्या हजार-दीड हजार पावलांत आहे, आणि नेमक्या त्याच हा संदेश वाचून ‘आपल्याला जमणार नाही’ म्हणून बसून राहतात.

सुरुवात करायची तर आधी सात दिवस नेहमीसारखं चाला, सरासरी काढा आणि दर एक-दोन आठवड्यांनी त्यात ५०० पावलं वाढवा. वेगही बघा. बहुतेक प्रौढांसाठी मिनिटाला १०० पावलं म्हणजे मध्यम श्रम. घड्याळ लावून १५ सेकंदांत २५ पावलं पडतात का ते मोजलं की झालं. अशी ३० मिनिटं म्हणजे ३,००० पावलं, आणि आठवड्यातून पाच दिवस ती चाललात की १५० मिनिटं भरतात.

‘जीपीएसवरून एकेक पाऊल अचूक’

मोकळ्या जागेतही फोनच्या जीपीएसची चूक काही मीटरची असते, उंच इमारतींमध्ये त्याहून जास्त. पाऊल असतं ६०-७० सेंटीमीटरचं. जीपीएसला ते दिसणारच नाही. पावलं मोजतो तो ॲक्सेलरोमीटर: तीन दिशांमधला प्रवेग टिपणारी एक बारीक चिप. चालताना सेकंदाला साधारण दोन असे ठरावीक लयीत हिसके बसतात. ती लय ओळखून फोनमधली प्रणाली पावलं धरते. हे काम कमी वीज खाणाऱ्या स्वतंत्र भागात चालतं. लोकेशन बंद करा, एअरप्लेन मोड लावा, मोजणी थांबत नाही. दिवसभर जीपीएस सुरू ठेवून फक्त बॅटरी जाते.

लय ओळखायची म्हटल्यावर चुका कुठे होणार हेही कळतं. ओट्यापासून फ्रिजपर्यंत चार पावलं टाकून थांबलं, तर बऱ्याच प्रणाली ती धरत नाहीत, कारण सलग काही पावलं पडल्याशिवाय त्या चालणं मान्यच करत नाहीत. अगदी सावकाश, पाय घासत किंवा काठी टेकत चालणाऱ्यांची पावलं कमी धरली जातात. फोन खांद्यावरच्या मोठ्या पर्समध्ये असला तर हिसका मऊ होतो, आणि चार्जिंगला लावलेला असला तर मोजणी शून्य. साडीला खिसा नसतो, त्यामुळे दिवसभर घरात उभ्या असलेल्या बाईचा आकडा कार्यालयात बसून असलेल्या नवऱ्यापेक्षा कमी दिसतो. त्यावरून कोण किती हललं हे ठरवणं अन्यायाचं आहे. उलट खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकी चालवली की न चाललेली पावलंही जमा होऊ शकतात.

आपल्या फोनची चूक स्वतः काढता येते. आकडा टिपून ठेवा, तोंडाने मोजत सरळ ५०० पावलं चाला, थांबून मिनिटभराने आकडा पुन्हा बघा. एकदा पँटच्या खिशात, एकदा पर्समध्ये, एकदा हातात. ४७५ ते ५२५ आलं तर ठीक. फोन जिथे ठेवता ती जागा मग बदलू नका. रोज एकाच जागी ठेवलेल्या फोनचे आकडेच एकमेकांशी ताडून बघता येतात.

आकडा मधेच गोठत असेल तर दोष बहुधा चिपचा नसतो. अँड्रॉइडमध्ये चिपचा मोजक फोन पुन्हा सुरू झाला की शून्यावर येतो. मधले आकडे वाचून साठवणं ॲपचं काम. बॅटरी वाचवणारी व्यवस्था ॲपलाच बंद पाडते तेव्हा तो साठा तुटतो. सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या पानावर बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. अँड्रॉइड १० पासून ‘फिजिकल ॲक्टिव्हिटी’ ही परवानगीही लागते. आयफोनवर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत ‘मोशन अँड फिटनेस’ सुरू आहे का ते पाहा.

‘१०,००० पावलं म्हणजे ५०० कॅलरी’

पावलाची लांबी उंचीच्या साधारण ०.४१ पट धरतात. १६० सेंटीमीटर उंचीला ६६ सेंटीमीटर, म्हणजे १०,००० पावलांचे ६.६ किलोमीटर. सपाटीवर चालताना किलोमीटरमागे दर किलो वजनाला सुमारे अर्धी कॅलरी जादा खर्च होते. ६० किलोच्या माणसाला हिशेब येतो २०० च्या आसपास. काही ॲप त्यात बसल्या जागी जळणाऱ्या कॅलरीही मिळवतात, म्हणून आकडा फुगतो. ५०० जळल्या समजून जेवण वाढवलं की वजन का उतरत नाही याचं उत्तर इथेच आहे.

‘बोट ठेवा, बीपी कळेल’

बोटावरून नाडीचे ठोके मात्र खरंच कळतात. फ्लॅशच्या उजेडात बोटाच्या टोकातलं रक्त दर ठोक्याला कमी-जास्त होतं आणि कॅमेऱ्याला तो फरक दिसतो. शांत बसून, बोट न दाबता, न हलवता मोजलं तर आकडा बरा येतो.

ऑक्सिजनचं तसं नाही. ऑक्सिमीटर ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल आणि ९४० च्या आसपासचा अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा), असे दोन प्रकाश वापरतो. फोनचा फ्लॅश पांढरा असतो आणि कॅमेऱ्यासमोर अवरक्त अडवणारी गाळणी असते. अर्धं मोजमापच गायब असताना आलेल्या आकड्यावर विसंबून रुग्णाला घरी ठेवू नका.

बीपीच्या बाबतीत तर पुरावाच आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत फोनवर बीपी सांगणारं एक ॲप खूप विकलं गेलं. २०१६ मध्ये छापून आलेल्या तपासणीत, प्रत्यक्षात बीपी जास्त असलेल्या पाचपैकी जवळपास चार जणांना त्यानं ‘जास्त नाही’ असं सांगितल्याचं दिसलं. पुढे तिथल्या ग्राहक संरक्षण पाहणाऱ्या सरकारी आयोगानं कंपनीवर कारवाई केली. असा आकडा बघून कुणी गोळी बंद केली तर पक्षाघातापर्यंत वेळ येऊ शकते.

दंडाला पट्टा बांधायचं मशीनच वापरा. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको, पाच मिनिटं पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून बसा, पट्टा उघड्या दंडावर, हात हृदयाच्या पातळीला आधार देऊन, बोलू नका. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे तारीख-वेळेसह लिहा. हे आकडे फोनच्या हेल्थ ॲपमध्ये हातानं भरता येतात, डॉक्टरांना महिन्याचा आलेख दाखवता येतो. फोनचा खरा उपयोग तोच.

‘दोन-तीन ॲप टाका, परवानग्या द्या’

सगळी ॲप त्याच एका चिपकडून आकडा घेतात, त्यामुळे अचूकता वाढत नाही. उलट फोन आणि घड्याळ दोन्हींची नोंद एकत्र झाली तर पावलं दुप्पट दिसू शकतात. ॲपमध्ये ‘डेटा सोर्स’ उघडा आणि एकालाच प्राधान्य द्या.

पावलं मोजायला हालचालीची परवानगी पुरते. आठवण करून द्यायची असेल तर सूचनांची. फिरण्याचा मार्ग नकाशावर हवा असेल तेव्हाच लोकेशन, तेही ‘ॲप वापरतानाच’. संपर्क यादी, कॉल आणि एसएमएस यांच्याशी पावलांचा काही संबंध नाही. एसएमएसमध्ये बँकेचे ओटीपी येतात. कोरोनाकाळात, २०२० मध्ये, बनावट ऑक्सिमीटर ॲपबद्दल आपल्याकडे इशारे दिले गेले ते याच कारणानं. एसएमएस वाचू द्या म्हणणारं पावलांचं ॲप त्याच क्षणी काढून टाका.