दार कधी उघडलं?

विमान कंपनीचं पत्र आलं. झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, आणि सद्भावना म्हणून आपणा उभयतांना प्रत्येकी ४,००० मैल देत आहोत. खाली एक निळं बटण, त्यावर ‘स्वीकारा’.

मी चष्मा पुसून परत वाचलं. फ्रँकफर्ट ते मुंबई अंतर हवेतून साधारण चार हजार मैलच भरतं. म्हणजे चार तास उशीर झाला म्हणून त्या भल्या लोकांनी अख्खी एक खेप माफ केली होती! मी हिला हाक मारली. म्हटलं, "याला म्हणतात दानत. तुझे आणि माझे मिळून एकाचं जाणं-येणं फुकटात होतंय."

"मग मी जाऊन येते मनूकडे," ही म्हणाली.

बटणावर बोट टेकणार तोच फ्रँकफर्टहून लेकीचा फोन. "बाबा, कशालाही हात लावू नका."

आता आधीचं सांगतो.

मी ३१ वर्षं एका बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होतो. चौकशीच्या खिडकीच्या आतला माणूस. कुठलं स्थानक ते सांगत नाही, तिथले बरेच प्रवासी अजून हयात आहेत. उशीर या विषयात मला कुणी काही शिकवावं असं फारसं उरलेलं नाही. पहिला धडा म्हणजे एकूण उशीर कधी सांगायचा नाही. गाडी घाटात बसलीय आणि तीन तास हलत नाही, हे फोनवर पक्कं कळलेलं असलं तरी खिडकीतून म्हणायचं, "निघालीय तिकडनं." अर्ध्या तासानं, "येईल एवढ्यात." मग, "आता यायलाच पाहिजे." तीन तास थांबा म्हटलं तर माणूस भांडायला उठतो, पण अर्धा-अर्धा तास तो सहा वेळा बिनतक्रार थांबतो.

आमचं विमान दुपारी दीडचं होतं. सव्वाला फलकावर २:१० झालं. मग २:५०. मग ३:३०. चाळीस-चाळीस मिनिटांचे हप्ते! मला भरून आलं. सहा हजार किलोमीटरवर आपल्याच घराण्यातलं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं. काउंटरवरच्या मुलीला कारण विचारलं, तर ती हसून म्हणाली, "तांत्रिक." कारणही आपलंच. आम्ही फक्त हसत नव्हतो.

साडेतीनला प्रत्येकाला दहा युरोचं कूपन मिळालं. दहा युरोत एक सँडविच आलं आणि पाण्याच्या बाटलीला वर सुटे मोजावे लागले. हिनं काही न बोलता पिशवीतून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली. मनूनं नंतर सांगितलं की खोळंबलेल्या प्रवाशाला खाणंपिणं देणं हे युरोपात कायद्यानं बंधनकारक आहे. शिवाय दोन फोन, टेलेक्स, फॅक्स किंवा ई-मेल फुकट. हो, टेलेक्स! कायदा २००४ सालचा, पण मसुदा लिहिणाऱ्या कारकुनाच्या हाताला जुनं वळण असावं. "आधी कळलं असतं तर जाऊबाईंना टेलेक्स केला असता," ही म्हणाली. त्यांना गेली वीस वर्षं काहीही पाठवलं तरी पोचत नाही, ही हिची जुनी तक्रार.

शेवटी पावणेसहाच्या आत विमान उडालं. विमानात काय झालं ते सांगण्यासारखं नाही, झोपलो. खरी गोष्ट मुंबईत चाकं टेकल्यावर सुरू होते.

ठरलेली वेळ मध्यरात्रीनंतर एकची. चाकं टेकली ४:४५ला. विमान अजून धावपट्टीवरून वळतंय, तोवर आमच्या पुढच्या रांगेतले पिवळ्या स्वेटरवाले गृहस्थ उठले आणि वरच्या कप्प्यातून आपली बॅग ओढायला लागले. ती निघेना. त्यांच्या मदतीला दुसरे उठले. ते उठले म्हणून मागचे पंधरा-वीस उठले, कारण आपल्याकडे एक उठला की बसलेल्याला आपलं काहीतरी हुकतंय असं वाटतं. हवाई सुंदरी माइकवरून आधी विनवत होती, मग ओरडायला लागली. आणि विमान थांबलं. सगळे बसल्याशिवाय वैमानिक पुढे नेईना.

माझ्यातला वाहतूक नियंत्रक जागा झाला. मी म्हटलं, "अहो स्वेटर, बसा की खाली! तुमच्यामुळे सगळी गाडी थांबलीय."

"गाडी नाही, विमान आहे," ते म्हणाले. मराठीच निघाले. "आणि तुम्ही कोण सांगणार?"

मी सांगितलं मी कोण ते. ३१ वर्षांसकट सांगितलं. त्यांनी बॅगेत प्रेशर कुकर असल्याचं सांगितलं. जर्मनीहून कुकर कशाला, हा प्रश्न मी विचारला, आणि त्याचं उत्तर लांबलं. ही माझी बाही ओढत होती. पाच-सात मिनिटं अशी गेली. मग सगळे बसले, विमान हललं, जागेवर लागलं, परत सगळे उठले, आणि माना वाकड्या करून दाराकडे बघत उभे राहिले. एकदाचं दार उघडलं. मी त्या गृहस्थांकडे मागे वळूनसुद्धा न बघता उतरलो. या गोष्टीची आता मला लाज वाटते. कारण पुढे येतंच आहे.

तर मनूचा फोन. ती म्हणाली, "बाबा, युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघालेलं विमान, मग कंपनी कुठलीही असो, तीन तास किंवा जास्त उशिरा पोचलं तर भरपाई द्यावी लागते. साडेतीन हजार किलोमीटरच्या वर ६०० युरो. माणशी."

युरो तेव्हा शंभर रुपयांच्या आसपास. मी मनात गुणाकार केला आणि जवळच्या स्टुलावर बसलो. चार तास उशिराचे लाखभर रुपये! माझ्या खिडकीसमोरच्या एका दिवाळीच्या गर्दीला या दरानं पैसे द्यायचे म्हटले असते तर पूर्ण तालुका विकावा लागला असता.

"आणि आपल्याकडे?" मी विचारलं. आपल्याकडे उशिराला रोख काही नाही. डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमात अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास खोळंबा झाला की खाणंपिणं, सहा तासांवर गेलं तर दुसरं विमान नाहीतर तिकिटाचे पैसे परत, रात्रभर लटकवलं तर हॉटेल. आयत्या वेळी विमान रद्द केलं तर रोख रक्कम मिळते, पण तीही जास्तीत जास्त दहा हजार. म्हणजे एखाद्या भारतीय विमानकंपनीनं मुंबईहून फ्रँकफर्टला जाताना हाच उशीर केला असता, तर आम्हाला उपमा मिळाला असता. येताना झाला म्हणून लाख. उशीर कुठल्या गावी करावा यालाही नशीब लागतं.

"मग हे मैल?"

मैलाचं प्रकरण मनूनं मला तीन वेळा समजावलं. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सनं ही प्रथा रूढ केली. तुम्ही जितके मैल उडाल तितके वहीत जमा, पुरेसे झाले की एक प्रवास फुकट. तोवर मैल हा मैल होता. पुढे कंपन्यांच्या लक्षात आलं की स्वस्त तिकिटावर लांब जाणारे फुकटे फार झाले. मग २०१५च्या सुमारापासून एकेकीनं अंतर सोडून तिकिटाच्या किमतीवर मैल द्यायला सुरुवात केली. त्यामुळे आता जमा होणारा मैल वेगळा, खर्च होणारा मैल वेगळा, आणि मैलाच्या दगडावरचा मैल तिसराच. फुकट तिकीट मिळालं तरी कर आणि अधिभार खिशातून. वर त्या मैलांना मुदत.

हिला हे माझ्याआधी कळलं. ही म्हणाली, "म्हणजे देण्याघेण्याच्या साड्या." तंतोतंत! नेसायच्या नसतात, कपाटात मोजायच्या असतात, आणि कुणाला तरी द्यायला काढाव्यात तर घडीवर पिवळ्या पडलेल्या. आमच्या चार हजार मैलांत काय येतं ते मी त्यांच्या दुकानात जाऊन पाहिलं. मानेखाली घ्यायची उशी येत होती. टोस्टरला मैल कमी पडत होते.

भरपाई रोख किंवा बँकेतून द्यायची. कूपन वगैरे खपवायचं तर प्रवाशाची लेखी संमती लागते, असंही त्या कायद्यात आहे. निळ्या बटणाचा उगम माझ्या लक्षात आला.

मी अर्ज लिहायला बसलो. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज वाचले होते, आता आपला. ‘विषय : उशिरापोटी भरपाई मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की…’ मनूला भाषांतराला पाठवला. तिचं उत्तर आलं, "बाबा, ‘कृपाभिलाषी’ला जर्मनमध्ये शब्द नाही. आणि आपण कृपा मागत नाही आहोत." हे मला पचायला दोन दिवस लागले.

तोवर शेजाऱ्यांनी सल्ला दिला की असे पैसे काढून देणाऱ्या कंपन्याच आहेत, आपण काही करायचं नाही. चौकशी केली. पाव हिस्सा त्यांचा. कोर्टात जावं लागलं तर आणखी. म्हणजे चौथाई आणि वर सरदेशमुखी! ज्यांच्या पूर्वजांनी ती वसूल केली त्यांनी आता ती भरायची? मी अर्ज स्वतःच पाठवला.

पहिलं उत्तर तीन आठवड्यांनी. तांत्रिक बिघाड ही असाधारण परिस्थिती असल्याने भरपाई देय नाही. मी हे वाचून खुर्चीत सरसावून बसलो. बिघाड असाधारण? ३१ वर्षांत बिघाडाइतकं साधारण मी दुसरं काही पाहिलेलं नाही. आणि युरोपीय संघाच्या न्यायालयाचं मत माझ्यासारखंच निघालं. २००८च्या एका निकालात त्यांनी सांगून ठेवलंय की विमान म्हटलं की बिघाड आलाच, तेवढ्यानं सुटका नाही. तो निकाल जोडून परत पाठवला.

दुसरं उत्तर जास्त हुशार होतं. भरपाई मान्य, परंतु विमान ४:५८ वाजता जागेवर लागले असल्याने उशीर ३ तास ५८ मिनिटांचा आहे, आणि तो चार तासांच्या आत असल्याने रक्कम निम्मी. दोन मिनिटांसाठी माणशी ३०० युरो गेले! मी मनातल्या मनात त्या लिहिणाऱ्याला दाद दिली. आमच्या खात्यात असता तर लवकर डेपो मॅनेजर झाला असता.

पण पोचणं म्हणजे काय? चाकं टेकणं? थांबणं? हाच वाद त्याच न्यायालयात २०१४ साली झालेला आहे, आणि तो वाचताना मला जेवणाची आठवण राहिली नाही. साल्झबर्गहून कलोन-बॉनला गेलेलं विमान. चाकं टेकली तेव्हा उशीर २ तास ५८ मिनिटं, जागेवर लागलं तेव्हा ३ तास ३ मिनिटं. मर्यादा तीन तासांची, दावा २५० युरोचा. न्यायालय म्हणालं, किमान एक दार उघडून प्रवाशांना उतरायची मुभा मिळते तेव्हा विमान पोचलं. तोवर माणूस बंदिस्त जागेत अडकलेला असतो, त्याला आपले व्यवहार मोकळेपणी करता येत नाहीत. इतकं समजूतदार वाक्य मी सरकारी कागदात कधी वाचलं नव्हतं.

आता आमचं दार कधी उघडलं? मला आठवेना. मी कुकरवर होतो. तेव्हा हिनं शांतपणे आपला फोन पुढे केला. घरच्या ग्रुपवर हिचे तीन निरोप होते.

४:५४. ‘उतरलो. पण थांबवलंय. हे कुणाशी तरी भांडताहेत.’

४:५९. ‘लागलं जागेवर. दार बंदच. हे अजून भांडताहेत.’

५:०३. ‘उघडलं बाई दार एकदाचं.’ सोबत दाराचा फोटो, त्यात पिवळ्या स्वेटरचा खांदा आणि कुकरची बॅग.

चार तास तीन मिनिटं! ते तिन्ही निरोप मनूनं जर्मनमध्ये करून पाठवले. ‘हे’ या सर्वनामाला तिनं खाली टीप दिली.

पुढचं पत्र चार ओळींचं होतं. १,२०० युरो. दिलगिरी वगैरे नाही.

बँकेत पैसे आले, पण अडकले. परदेशातून आलेल्या रकमेचा उद्देश लिहून द्यावा लागतो, त्याची यादी असते. खिडकीतल्या मुलानं विचारलं, "काका, उद्देश काय लिहू?" मी म्हटलं, "उशीर." त्यानं यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. निर्यात होतं, देणगी होतं, कुटुंबाचा निर्वाह होतं. उशीर नव्हता. "साहेबांना विचारून येतो, थांबा," तो म्हणाला. "येतील एवढ्यात."

मी थांबलो. दुसरं काय करणार?

आता स्वेटरवाल्यांबद्दल. ते उठले नसते, तर विमान सात मिनिटं आधी लागलं असतं, दार चार तासांच्या आत उघडलं असतं, आणि आमचे ६०० युरो गेले असते. एकट्या आमचेच नाहीत, मागणी करणाऱ्या प्रत्येकाचे निम्मे. एका कुकरच्या बॅगेनं विमानभर माणसांचं केवढं भलं केलं! आणि त्या माणसाला मी बसा म्हणालो. त्यांना बहुधा यातलं काहीच माहीत नसणार. निळं बटण दाबून मानेची उशी घेऊन बसले असतील.

परवा पुतण्याच्या मुलाच्या मुंजीला निघालो होतो. बसस्थानकावर पाऊण तास उभे. खिडकीत माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा. मला बघून त्यानं नमस्कार केला आणि म्हणाला, "निघालीय तिकडनं, साहेब." दीड तासानं गाडी आली, फलाटाला लागली. वाहकानं आतून दार उघडलं, तसा मी खिशातून पेन काढून तिकिटाच्या पाठीमागे वेळ लिहिली.

"अहो, इथे काही मिळायचं नाही," ही मागून म्हणाली. "चढा आधी, जागा धरा."