मध्यबिंदूवर विद्युत क्षेत्र शून्य नसते

फोंडा-डिचोलीकडच्या बारावीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक ‘युक्ती’ फिरते आहे: समान धन आणि ऋण प्रभारांच्या बरोबर मध्ये विद्युत क्षेत्र (एकक धन प्रभारावर लागणारे बळ) शून्य, कारण दोघे एकमेकांना खोडतात. साफ चूक. तिथे एक धन प्रभार ठेवला असे समजा. धन त्याला ढकलतो, ऋण ओढतो. दोन्ही बळे एकाच दिशेने, ऋणाकडे. +१ आणि −१ मायक्रोकूलॉम हवेत एकमेकांपासून ६० सेंटीमीटरवर असतील, तर मध्यबिंदूवर प्रत्येकाचे क्षेत्र सुमारे १ लाख, मिळून २ लाख न्यूटन प्रति कूलॉम. शून्य होते ते विभव (एकक प्रभारामागची स्थितिज ऊर्जा). घोळ बहुधा तिथलाच. इलेक्ट्रॉन ठेवलात तर तो धनाकडे पळेल, पण म्हणून क्षेत्राची दिशा फिरत नाही.