श्रेय शिलाई मशीनच्या तेलाला

काकांच्या नावाची पाटी अखेर परवा झाली आणि तिचं सगळं श्रेय शिलाई मशीनच्या तेलाला गेलं. सोसायटीच्या ग्रुपवर काकांचा पाटीसकट फोटो आहे, त्याखाली अंगठ्यांची रांग आहे, ‘अनुभव तो अनुभव’ वगैरे आहे. मशीन माझं, ॲक्रिलिक माझं, वीज माझी, दोष शोधला तोही मीच. फोटोत माझं फक्त कोपर आलंय.

मशीन म्हणजे 3018 या नावाने मिळणारं टेबलावरचं चिनी सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने अक्षरं-आकार कोरणारं यंत्र. कामाची जागा 30 सेंटिमीटर बाय 18, म्हणून 3018. त्याच्या जाहिरातीत खरी निघालेली एवढीच एक गोष्ट. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, तीन स्टेपर मोटरी, बिट फिरवणाऱ्या स्पिंडलच्या जागी 775 नावाची ब्रशवाली मोटर, आणि डोकं म्हणून आर्डुइनो नावाच्या छोट्या कंट्रोल बोर्डावर चालणारं जीआरबीएल हे सॉफ्टवेअर. ते एका नॉर्वेजियन माणसाने 2009 साली लिहायला घेतलं आणि जगाला फुकट दिलं. हे सगळं आमच्या बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या शेजारी नांदतं. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘याच्यावर काय बनवता?’ खरं उत्तर ‘याचेच भाग’ असं आहे. स्पिंडलचा क्लॅम्प, मोटरचं ब्रॅकेट, भुसा ओढायच्या नळीचं तोंड. हे ऐकून पाहुणे चहाकडे वळतात आणि बायको छताकडे बघते. त्यामुळे शेजारच्या काकांनी ‘दारावरची पाटी करून दे’ म्हटलं, तेव्हा माझ्याआधी तिनेच होकार दिला.

काकांचं आडनाव इथे देत नाही. शेवटची मात्रा राहिली तर त्याचा एक चार पायांचा, ओझी वाहणारा प्राणी होतो, एवढं सांगितलं की पुरे. मशीन थांबलं ते नेमकं तिथेच.

मजकूर बसवतानाच माझा निम्मा जीव गेला होता, कारण ही सॉफ्टवेअरं लिहिणाऱ्यांना देवनागरी नावाची लिपी जगात आहे हे कुणी सांगितलेलंच नाही. ‘वि’ टाइप केलं की वेलांटी ‘व’च्या पुढे जाऊन उभी राहते. जोडाक्षर दिसलं की त्याचा पाय मोडून दोन तुकडे शेजारी मांडून ठेवतात. शेवटी इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर लिहायचा, अक्षरांच्या नुसत्या रेषा करून घ्यायच्या आणि त्या रेषा पुढे सरकवायच्या. एवढं केल्यावर शिरोरेषा सुरेख आली, ‘श्री.’ आला, आद्याक्षरं आली, प्राणी आला, आणि स्पिंडल गप्प. पडद्यावर लाल अक्षरांत अलार्म नंबर एक.

अलार्म एक म्हणजे हार्ड लिमिट. टेबल टोकाला जाऊन आपटू नये म्हणून कडेला लिमिट स्विच असतात. त्यातला एक दाबला गेला की जीआरबीएल हातातलं सगळं टाकून देतं आणि आपण कुठे आहोत याची आता खात्री नाही असं जाहीर करतं. इथे टेबल मध्यावर होतं आणि जवळचा स्विचसुद्धा चांगला चार बोटं लांब. मूळ मशीनला हे स्विच नव्हतेच, ते मी हौसेने बसवले. या छंदात सुधारणा केली की तिच्या पाठोपाठ दुखणं येतंच. बॅकलॅश, म्हणजे स्क्रू आणि नटातली ढील, जावी म्हणून घट्ट नट घाला, मोटर अडखळते. अडखळते म्हणून करंट वाढवा, मोटरला करंट देणारा ड्रायव्हर तापतो. तापतो म्हणून पंखा लावा, तो सगळा भुसा वाळत घातलेल्या कपड्यांवर उडवतो, आणि मग जे दुखणं सुरू होतं त्याला कोणताही अलार्म नंबर नाही.

काका पाटीवर वाकले. वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

‘हे असंच ठेवायचंय का?’

‘नाही काका, मशीन थांबलंय.’

‘माझ्याच नावावर थांबलं?’

‘अलार्म आलाय. लिमिट स्विचला वाटतंय की—’

‘स्विचला वाटतंय!’ काका भिंतीपलीकडे काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘अगं, स्विचला वाटतंय!’

पलीकडून ‘हं’ आलं.

काकांनी भोसरीच्या एका कारखान्यात लेथवर आयुष्य काढलंय. त्या संध्याकाळपासून त्यांनी मशीन ताब्यात घेतलं. हात लावायचे नाहीत, खुर्ची टाकून बसायचे. रोज सातला फेरी मारून आले की थेट बाल्कनीत. ‘मी आल्याशिवाय पाटी लावायची नाही,’ अशी ताकीद होती. का, तर प्राणी पुन्हा आलाच तर तो निदान त्यांच्या देखत यावा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा लांब स्क्रूड्रायव्हर मागून घेतला, टोक मोटरवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. जुने फिटर बेअरिंगचा आवाज असाच ऐकतात. पद्धत खरी आहे, आणि खरं सांगायचं तर बघायला फार छान वाटतं. पण स्टेपर मोटर नुसती उभी असली तरी जागा धरून ठेवायला करंट घेते आणि बारीक गुणगुणते. तिचा तो स्वभाव आहे.

‘रडतंय,’ काका डोळे न उघडता म्हणाले.

‘काका, तो होल्डिंग करंटचा आवाज—’

‘कोरडं आहे म्हणून रडतंय. तेल दे.’

‘मोटरला तेल नसतं.’

‘तेल नसतं म्हणूनच रडतंय ना!’

या वाक्याला उत्तर नाही. मी शोधलं, मिळालं नाही.

मग त्यांनी बिट, म्हणजे कोरणारं टोक, उचलून दोन बोटांत फिरवला.

‘केवढा हा?’

‘तीन पॉइंट एक सात पाच.’

‘तीन पॉइंट काय?’

‘एक सात पाच. मिलिमीटर.’

‘म्हणजे एक सूत.’

‘हो.’

‘मग एक सूत म्हण की. दशांशाला काय पैसे पडतात का?’ आणि भिंतीकडे, ‘अगं, एक सूत!’

‘हं.’

मलाही कुठेतरी तोंड उघडायचं होतं. मी त्यांना सांगितलं की काका, हे काही पोरखेळ म्हणून निघालेलं नाही. हेलिकॉप्टरची पाती बनवणाऱ्या जॉन पार्सन्सच्या डोक्यात आलेली ही कल्पना, एमआयटीने 1952 साली पहिलं आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन चालवून दाखवलं, कंट्रोलमध्ये निर्वात नळ्या, आणि कंट्रोलचं कपाट मशीनपेक्षा मोठं. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

‘त्याला तेल घालायचे?’

‘घालत असतील.’

‘मग?’

एकदा मात्र ते आपणहून बोलले. कारखान्यात पहिलं सीएनसी लेथ आलं तेव्हा सगळ्यात सीनियर म्हणून नारळ फोडायला यांनाच पुढे केलं. ‘नारळ मी फोडला,’ काका म्हणाले, ‘आणि पुढच्याच वर्षी तो मलाच दिला. व्हीआरएस म्हणतात त्याला.’ मी काहीतरी बोलायला हवं होतं, पण तेवढ्यात अलार्म आला आणि काकांचा चेहरा उजळला. यात मला अन्याय दिसतो. त्यांच्या कारखान्याचा हिशेब माझ्या चोवीस व्होल्टच्या मशीनने का चुकता करायचा?

कारण अलार्म रोज येत होता. रोज ॲक्रिलिकचा नवा तुकडा, रोज शिरोरेषा, रोज प्राणी. रात्री उशिरा प्लायवूडच्या तुकड्यावर तीच फाइल चालवली की मात्रेसकट सगळं नाव बिनबोभाट यायचं. दोष शोधण्याचं शास्त्र सांगतं, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. मी वायर बदलली, स्विच बदलला, लॅपटॉपची यूएसबी केबल बदलली, स्पिंडल बंद ठेवून हवेत अक्षरं काढून पाहिली. सगळं करून एकच निष्कर्ष निघत होता: काका असले की थांबतं, नसले की चालतं. शास्त्राच्या दृष्टीने बिघाड काकांतच होता. पण हे काकूंना ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगणं आमच्या बाल्कनीत अशक्य आहे.

सापडलं ते काकूंमुळेच. त्या रोज एका ठरावीक क्षणी पलीकडून ओरडतात, ‘पंप लागला हो!’ त्या दिवशी मी सोल्डरिंग गन हातात धरून पडद्याकडे बघत होतो. खाली पार्किंगमधून पंपाच्या स्टार्टरचा ‘खट्’ आवाज आला, लाल अक्षरं उमटली, आणि मग ‘पंप लागला हो!’ एकामागोमाग एक. वॉचमन साडेसातला पंप लावतो. काका सातला येतात, फाइल अर्ध्या तासाची. शेवटची मात्रा आणि सोसायटीचं पाणी यांची वेळ रोज एकच.

घडत होतं ते असं. लिमिट स्विचची वायर आर्डुइनोच्या ज्या पायाला जाते, तो आतल्या फार कमजोर रेझिस्टरने वरच्या व्होल्टेजला धरलेला असतो. लांब वायर ॲन्टेनाचं काम करते. आमच्या खालीच पंपाचा खटका पडला की त्या वायरीत क्षणभराचा झटका येतो, आणि जीआरबीएल तेवढ्यावर विश्वास ठेवतं. हार्ड लिमिट सेटिंगमध्ये बंद करता येतं, $21 हे सेटिंग शून्य करा की अलार्म संपला, असं पुष्कळ जण सांगतात. मग स्विच बसवले कशाला? खरा उपाय म्हणजे शील्ड, म्हणजे बाहेरून धातूचं आवरण, असलेली वायर, शील्ड एकाच टोकाला ग्राउंड, आणि प्रत्येक इनपुटवर ग्राउंडला एक 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. त्याच्या अंगावर 104 असं लिहिलेलं असतं आणि तो आकाराने मुगाच्या डाळीएवढा. तो आणायला मी पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी गेलो. दुकानदाराने तोंड वर न करता ‘किती शंभर?’ विचारलं, चार म्हटल्यावर तोंड वर करून बघितलं. गाडी तेवढ्यात उचलून नेली. चार कपॅसिटरला पडलेले पैसे आणि गाडी सोडवायला पडलेले पैसे यांचं गुणोत्तर मी घरी सांगितलेलं नाही.

परवा संध्याकाळी मी कपॅसिटर लावले, वायर ओढली, झाकण बसवलं. शेवटचा स्क्रू पिळत होतो आणि काकूंनी भिंतीवरून शिलाई मशीनच्या तेलाची बाटली पुढे केली. मी दोन्ही हातांनी झाकण धरलेलं. काकांनी मशीनचे भाग सरकवणाऱ्या तिन्ही लीड स्क्रूंवर एकेक थेंब सोडला, हात जोडले आणि म्हणाले, ‘लाव.’

शिरोरेषा. श्री. आद्याक्षरं. प्राणी. खाली ‘खट्’. पलीकडून ‘पंप लागला हो!’ बिट उचलला गेला, किंचित मागे सरकला आणि शिरोरेषेवर उतरला. टोकाभोवती पांढऱ्या भुग्याचं बारीक कडं जमत गेलं. मात्रा वर चढली, वळली, संपली. स्पिंडल सावकाश थांबलं.

‘बघ,’ काका म्हणाले.

मी सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, तेल राहू दे तसंच, मी कपॅसिटर काढतो, उद्या साडेसातला पुन्हा लावू, म्हणजे खरं काय ते समोर येईल.

‘चालतंय ते कशाला खोलतोस?’

बायकोने मान डोलावली. हे वाक्य या देशातल्या प्रत्येक वर्कशॉपच्या भिंतीवर अदृश्य अक्षरांत लिहिलेलं आहे आणि मी स्वतः ते इतरांना ऐकवलेलं आहे, त्यामुळे बोलायची सोय उरली नाही. कपॅसिटर झाकणाखाली आहे, कुणाला दिसत नाही. तेलाला वास येतो. तेलाला इतिहास आहे. आणि ते तेल आता लीड स्क्रूवर ॲक्रिलिकचा भुगा धरून बसलंय, त्याचं चिकट पीठ झालंय, ते नटाच्या आत शिरलंय, आणि पुढचा रविवार मी टूथब्रश घेऊन ते खरवडण्यात घालवणार आहे. त्याचा फोटो कुणी ग्रुपवर टाकणार नाही.

सेक्रेटरींना मी सांगितलं की पंपाच्या स्टार्टरचे पॉइंट जळत आलेले दिसतात, त्यातून फार ठिणगी पडते, इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्या. पुढेमागे मोटर जाईल. त्यांनी गंभीरपणे ऐकलं. म्हणाले, ‘काकांच्या कानावर घालतो.’

काल बेल वाजली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, हातात मिक्सर.

‘काका आहेत का? घरी नाहीयेत, म्हटलं तुमच्याकडे बसलेले असतील.’

काका देवळात गेले होते. त्या मिक्सर ठेवून गेल्या. उघडून बघितलं तर कार्बन ब्रश झिजून नखाएवढा राहिला होता, 775 मोटरचा झाला होता तसाच. नवा आणून बसवला, थोडा वेळ फिरवून पाहिला, झाकण पुसून ठेवला. रात्री त्या न्यायला आल्या, स्वयंपाकघरात जाऊन ओल्या खोबऱ्यावर चालवून बघितला आणि खूश झाल्या.

‘काकांना माझे थँक्स सांगा हं,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्हाला उगाच दिवसभर सांभाळायला लागला.’