'ही तर आपल्या वारीची नक्कल' : त्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. एक शाळेतल्या मैत्रिणींचा, एक कॉलनीचा आणि एक आमच्याच चर्चच्या मंडळीतल्या तरुणांचा. मजकूर थोडक्यात असा: ख्रिस्ती धर्मात तीर्थयात्रा हा प्रकारच नाही. आपल्या वाऱ्या-जत्रा बघून मिशनऱ्यांनी वेलांकण्णी, वांद्र्याची मतमाउली, हरेगाव अशा यात्रा उभ्या केल्या. पायी चालणं, नवस, मुंडण सगळं उचललेलं. हेतू एकच, बाटवणं. आणि गोव्यात तर संत फ्रान्सिस झेवियरचं म्हणून नकली शव दाखवून लोकांना फसवतात.

मी कोल्हापूरची, ख्रिस्ती घरातली. जोतिबाच्या सासनकाठ्या बघत लहानाची मोठी झाले. हा मेसेज पाठवणाऱ्यांत माझ्या जिवाभावाच्या बायका आहेत, म्हणून गप्प बसवत नाही.

तीर्थयात्रा नाहीच, या मुद्द्यापासून सुरू करते. लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढून वाचा. येशूचे आईवडील दरवर्षी वल्हांडणाला, म्हणजे ज्यूंच्या मोठ्या सणाला, यरुशलेमेला जात. तो 12 वर्षांचा असताना परतीच्या वाटेवर एक दिवसाची मजल झाली आणि मग कळलं, पोरगं सोबत नाही. त्यांना वाटलं होतं, असेल पुढं-मागं सोबत्यांत. नातेवाइकांत शोधलं, ओळखीच्यांत शोधलं, शेवटी माघारी फिरले. दिवसभर पोर दिसलं नाही तरी आईला घोर लागत नाही, हे कधी घडतं? गावंच्या गावं एकत्र चालत असतील तेव्हाच. दिंडीत चाललेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. स्तोत्रसंहितेत 120 ते 134 ही पंधरा स्तोत्रं आहेत, यरुशलेमेची चढण चढताना म्हणायची. म्हणजे वाटेवरची गाणीसुद्धा होती.

ख्रिस्ती लोकांनी हीच चाल पुढे चालवली. सन 333 मध्ये फ्रान्सच्या बोर्दो गावाकडचा एक यात्रेकरू यरुशलेमेपर्यंत गेला आणि वाटेतले मुक्काम, अंतरं लिहून ठेवून गेला. त्याच शतकाच्या शेवटी एगेरिया नावाची बाई युरोपाच्या पश्चिम टोकाकडून निघाली, सीनाय पर्वत चढली, यरुशलेमेला राहिली आणि तिथले सण कसे होतात ते आपल्या मैत्रिणींना पत्रांतून कळवत राहिली. एका बाईनं सोळाशे वर्षांपूर्वी लिहिलेलं हे प्रवासवर्णन आजही वाचायला मिळतं, याचं मला फार अप्रूप आहे.

तरी मेसेज लिहिणाऱ्याला असं का वाटलं असेल, ते मला कळतं. 1852 मध्ये रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले आणि त्यांनी सुरू केलेलं काम पुढं अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडं गेलं. ती प्रॉटेस्टंट शाखा. प्रॉटेस्टंट पंथाचा पाया घालणाऱ्या मार्टिन ल्यूथरनं 1520 मध्येच यात्रांवर टीका केली होती. त्याच्याही आधी, चौथ्या शतकात, नीसाच्या ग्रेगरी या बिशपनं लिहिलं होतं की जागा बदलल्यानं माणूस देवाच्या जवळ जात नाही. आमच्या घरात हाच सूर. 'देव काय एका डोंगरावर बसलाय का?' असं आजी म्हणायची आणि बायबलमधल्या शोमरोनी बाईची गोष्ट काढायची. येशू तिला सांगतो, देवाची उपासना ह्या डोंगरावर किंवा यरुशलेमेतच करायची असं नाही. त्यामुळं कोल्हापुरातल्या मंडळींकडं बघून 'ह्यांच्यात यात्रा नसते' असं कुणी म्हटलं तर तो बघण्यातला दोष नाही. पण एका फांदीवरून अख्खं झाड ठरवू नये. कॅथलिकांत, ऑर्थोडॉक्सांत यात्रा आहे आणि ती जुनी आहे.

आता नकलेचा मुद्दा. स्पेनमध्ये सांतियागोला प्रेषित याकोबाची कबर सापडली म्हणून नवव्या शतकात यात्रा सुरू झाली. फ्रान्सच्या सीमेवरून तिथपर्यंत साधारण 780 किलोमीटर. लोक आजही पाठीवर पिशवी, पिशवीला शिंपला बांधून चालतात, मुक्कामाच्या ठिकाणी कार्डावर शिक्का घेतात. पायी निघालेल्याला निदान 100 किलोमीटर चालल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. 2023 मध्ये 4 लाखांवर लोकांना ते मिळालं. वास्को द गामा कालिकतला उतरला 1498 मध्ये. त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून हे चाललेलं. त्यांनी पंढरीचा रस्ता पाहिलेला नव्हता आणि वारकऱ्यांनी त्यांचा. चालावंसं वाटणं दोन्हीकडं आपापलं उगवलं.

वांद्र्याला मतमाउलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या, पायऱ्यांपाशी मेणाचे हात, पाय, बाळं, घरं विकायला असतात. ज्याचं जे दुखतं, ज्याला जे हवं, ते घेऊन वाहायचं. हीसुद्धा नक्कल म्हणतात. मध्ययुगात इंग्लंडमध्ये कॅन्टरबरीला संत थॉमस बेकेटच्या समाधीवर आजाऱ्याच्या उंचीएवढी मेणबत्ती लावायचे. आपल्याकडं देवीला चांदीचे डोळे वाहतात. दुखणं सगळीकडं सारखंच.

तमिळनाडूतल्या वेलांकण्णीचं मात्र वेगळं, आणि ते लपवायचं कारण नाही. 29 ऑगस्टला तिथं झेंडा चढतो, 8 सप्टेंबरला सण. लोक भगवी वस्त्रं घालून अनवाणी येतात, मुंडण करतात. हे तमिळ मातीतलंच आहे. पण ते उचललं कुणी? ज्यांच्या आजा-पणज्यांचीच ती रीत, त्यांनी ती पुढं नेली. कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्तावर अभंग लिहिले. अभंग त्यांनी चोरला असं म्हणायचं का? ते मराठी होते, भक्ती म्हटली की त्यांच्या ओठी अभंगच येणार. श्रद्धा बदलली म्हणून माणसाची जीभ आणि पाय बदलत नाहीत.

बाटवण्याबद्दल आधी कडू ते सांगते. पोर्तुगीज गोव्यात देवळं पाडली गेली, लोकांवर जबरदस्ती झाली. इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेत खोट काढून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, हवं अशी मागणी खुद्द फ्रान्सिस झेवियरनं राजाला केली होती आणि 1560 मध्ये ते आलं. कोल्हापुरातून मंगेशीला, शांतादुर्गेला कुलदैवताला जाणारी घरं आहेत. ती दैवतं मूळ जागेवरून का हलवावी लागली, हे त्यांना ठाऊक आहे. यात सावरून घेण्यासारखं काही नाही. पण त्यावरून आजच्या यात्रेकरूला बाटवायला नेतात म्हणणं खोटं. कॅथलिक चर्चचा कायदाच सांगतो की कुणालाही त्याच्या मनाविरुद्ध जबरदस्तीनं या श्रद्धेत आणता येत नाही. मोठ्या माणसाला बाप्तिस्म्याआधी शिकवणुकीचा काळ काढावा लागतो. जत्रेत मेणबत्ती लावून कुणी ख्रिस्ती होत नसतं.

आमच्या शेजारच्या काकी आषाढीला मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरापासून नंदवाळपर्यंत दिंडीत चालतात. डिसेंबर 2024 मध्ये मी जुन्या गोव्याला झेवियरच्या दर्शनाला निघाले तेव्हा त्यांनी पदराच्या गाठीतून वीस रुपये काढून दिले. 'नातवाचं नाव घेऊन एक मेणबत्ती लाव गं माझ्याकडनं.' मी लावली. काकी आजही तुळशीला पाणी घालूनच चहा घेतात.

राहिलं नकली शव. झेवियर 3 डिसेंबर 1552 रोजी चीनजवळच्या बेटावर वारले. चुन्यात पुरलेला देह मलाक्कामार्गे 1554 मध्ये गोव्यात आला. 1614 मध्ये उजवा हात कोपराखाली काढून रोमला नेला. पोर्तुगीज सत्तेनं 1759 मध्ये जेझुइटांना, म्हणजे झेवियरच्याच संघातल्या पाद्र्यांना, हाकललं, तेव्हा अफवा उठली की जाताना त्यांनी खरा देह पळवला. ती मोडायला 1782 मध्ये पहिल्यांदा तो सगळ्यांना दाखवला. म्हणजे आजच्या मेसेजमधली शंका अडीचशे वर्षं जुनी.

आजरा-आंबोलीमार्गे जाऊन मी से कॅथेड्रलच्या रांगेत उभी राहिले. काचेआड जे आहे ते सुकलेलं, काळवंडलेलं, आक्रसलेलं आहे. सजवायचा, ताजं भासवायचा प्रयत्न कुणी केलेला नाही. माझ्या पुढं एक म्हातारी होती. तिनं काचेला हात लावला, तोच हात पदरावरून फिरवला आणि मागच्यांना वाट करून दिली.