'मूळ शब्द' म्हणजे नेमके कुठले? काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सलाम काका. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. राग कळला आणि खरं सांगू का, बरंही वाटलं, कारण गीतातल्या एका शब्दावरून जीव तुटणारी माणसं आता कमीच उरलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की चाळीस वर्षं तुम्ही कॉयरमध्ये गाताय, भक्तांनी गुडघ्यांवर बसून लिहिलेल्या गीतांचा एक शब्दही बदलायचा हक्क आपल्याला नाही, आणि काही बदल चालतात असं म्हणणारा माझा लेख म्हणजे सरळसरळ भेसळीला पाठिंबा आहे.

तुमच्या बाजूचा मोठा साक्षीदार आधी मीच देतो. मेथडिस्ट पंथाच्या संस्थापकाने, जॉन वेस्लीने, १७८० च्या गीतसंग्रहाच्या प्रस्तावनेत अगदी हेच लिहिलंय, की आमची गीतं खुशाल छापा पण आहेत तशी छापा, सुधारायला जाऊ नका, ते तुम्हाला जमायचं नाही. पण काका, याच वेस्लीने इंग्रजी गीतकार आयझॅक वॉट्सच्या 'आवर गॉड, आवर हेल्प'मधलं पहिलं 'आवर' काढून 'ओ' घातलं आणि आज बहुतेक ठिकाणी 'ओ गॉड'च गातात. नाताळात आपण उभं राहून गातो ते 'हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग' घ्या. जॉनचा भाऊ चार्ल्स वेस्लीने १७३९ मध्ये लिहिलं ते 'हार्क, हाऊ ऑल द वेल्किन रिंग्ज', वेल्किन म्हणजे आकाश. देवदूतांची ती ओळ जॉर्ज व्हाइटफील्ड या प्रचारकाने १७५३ मध्ये घातली, आणि चाल तर संगीतकार मेंडेल्सनने १८४० मध्ये गुटेनबर्गच्या छपाईच्या उत्सवासाठी केलेली, धार्मिक शब्दांना ती शोभणार नाही असं त्याचं स्वतःचं मत होतं. मग यातलं मूळ कुठलं धरायचं? तुम्ही ज्याच्यावर जीव लावलाय तेच मुळात बदललेलं आहे, आणि तरी ते खरं आहे.

आता 'ऑल थिंग्ज ब्राइट अँड ब्युटिफुल'. १८४८ चं गीत, त्यात एक कडवं होतं की श्रीमंत आपल्या वाड्यात, गरीब त्याच्या दारात, देवानेच त्यांना उच्च-नीच केलं आणि जागा ठरवून दिली. १९०६ च्या 'इंग्लिश हिम्नल' या गीतपुस्तकाने ते गाळलं. काका, आपल्या नगरकडच्या कितीतरी ख्रिस्ती घरांचे पणजोबा गावकुसाबाहेर राहणारे, त्यांच्या पतवंडांनी हे कडवं मूळ आहे म्हणून गायचं? मी नाही गाणार. ते देवाबद्दल खोटं बोलत होतं, गेलं ते बरंच झालं.

पण 'अमेझिंग ग्रेस'चं तसं नाही, आणि इथे मी पूर्ण तुमच्या बाजूला आहे. 'रेच लाइक मी' म्हणजे माझ्यासारखा अधम. हल्ली काही पुस्तकांत 'रेच' कडक वाटतो म्हणून मवाळ शब्द घालतात. अहो, लिहिणारा जॉन न्यूटन गुलामांच्या जहाजाचा कप्तान होता! १७४८ मध्ये वादळात देवाचा धावा केला, त्यानंतरही १७५४ पर्यंत तो त्याच धंद्यात, गीत लिहिलं १७७२ च्या शेवटी, आणि त्या व्यापाराविरुद्ध जाहीर कबुली छापली ती थेट १७८८ मध्ये. त्या माणसाने स्वतःला अधम म्हटलं ते यमकासाठी नाही. तो शब्द काढला की कृपा कुणावर झाली तेच कळत नाही.

हे मला पुस्तकातून नाही कळलं, आजोबांच्या मातीच्या दिवशी कळलं. प्रोजेक्टरवर गीत लावलं होतं आणि जिथे आमच्या पुस्तकात 'मज पाप्यास' आहे तिथे स्लाइडवर कुणीतरी 'मज लेकरास' केलेलं. आजीला तसंही पडद्यावरचं दिसत नव्हतं, ती डोळे मिटून जुनंच गायली, 'पाप्यास', आणि तेही सगळ्यांपेक्षा एक मात्रा मागे, त्यामुळे तेवढा एकच शब्द अख्ख्या मंडळीत एकटा ऐकू आला. दुसऱ्या कडव्याला मागच्या चार-पाच बायका तिच्याबरोबर होत्या आणि पेटीवाल्याने लय तिच्यासाठी कमी केली.

म्हणून काका, बदल झाला की नाही हा माझा प्रश्नच नाही. बदलामुळे कुणाची सुटका होते ते मी बघतो. गरिबाच्या मानेवरचं जोखड निघत असेल तर बदला, माझं पाप झाकलं जात असेल तर हात लावू नका. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी इंग्रजी वळण बाजूला ठेवून अभंग-ओवीत ख्रिस्त गायला, तेव्हा तेही तुमच्या हिशेबाने मोडतोडच ठरलं असतं, आणि तुम्ही तर टिळकांचे भक्त.

एक चूक मात्र माझी आहे, तुम्ही बरोबर पकडलीत. 'अमेझिंग ग्रेस'चं 'दहा हजार वर्षं' वालं शेवटचं कडवं मी न्यूटनच्या नावावर टाकलं होतं. ते त्याचं नाही, दुसऱ्या एका जुन्या गीतातलं ते नंतर येऊन चिकटलं. लेखात दुरुस्ती केलीय.

आणि तुमच्याकडे 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकाची जुनी प्रत आहे म्हणालात, त्यातलं आजीच्या त्या गीताचं पान फोटो काढून पाठवाल का? आमच्या प्रतीतलं ते पान खालून फाटलंय, शेवटचं कडवं आता फक्त आजीलाच पाठ आहे.