काटा मेला म्हणून मीटर फेकू नका

गेल्या काही आठवड्यांत एक मेसेज आपल्या भागातल्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर येऊन गेला. मलाच तो पाच जणांनी पाठवला. त्याचा सारांश असा: 'जुन्या जीपचा पेट्रोलचा काटा बंद पडला म्हणजे मीटर गेलं. खात्री करायची तर टाकीवर बॅटरीचा प्लस लावा, काटा हलला तर मीटर चांगलं, नाही हलला तर फेका. फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा टाकीतला गोळा) अडकला असेल तर टाकीत लिटरभर रॉकेल ओता. तरी जमलं नाही तर कुठल्याही गाडीचा फ्लोट बसवा, सगळे सारखेच. नाहीतर काडी घालून मोजा, जुन्या गाडीला काटा लागतो कशाला?'

घाटंजीकडे आमच्या घरी वडिलांची जीप अजून चालती आहे. तिची आणि आजूबाजूच्या गावांतल्या जुन्या गाड्यांची वायरिंग मी बरीच वर्षं करतो आहे. म्हणून हे लिहितो. मेसेजमधली प्लसची गोष्ट आधी घेतो, कारण तिच्यात जिवाला धोका आहे.

जुन्या जीपमध्ये टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. चाळीसेक लिटर पेट्रोल आपण अक्षरशः बुडाखाली घेऊन बसतो. टाकीच्या वरच्या झाकणावर तार जोडलेला जो एकच स्क्रू दिसतो, त्याच्या खाली टाकीच्या आत बारीक तारेची गुंडाळी असते. फ्लोट वर-खाली झाला की एक पत्ती त्या गुंडाळीवर सरकते आणि तिचा रोध कमी-जास्त होतो. एरवी करंट मीटरमधून येतो, म्हणून तो मोजकाच असतो. तुम्ही बॅटरीचा प्लस थेट त्या स्क्रूला लावला, की मधलं मीटर बाजूला पडतं. गुंडाळीचा रोध त्या वेळी १० ओहम असेल तर १२ व्होल्टवर सव्वा ॲम्पियरच्या आसपास करंट जातो, म्हणजे १४ वॅटची उष्णता केसाएवढ्या तारेत, पेट्रोलच्या वाफेत. वर स्क्रूला तार टेकवताना ठिणगी उडते ती वेगळीच.

आणि एवढा धोका पत्करून कळतं काय? काहीच नाही. मीटरला एका बाजूने प्लस आणि दुसऱ्या बाजूने टाकीतून अर्थ (म्हणजे गाडीच्या लोखंडी अंगातून बॅटरीच्या मायनसकडे परतीची वाट) मिळाला तरच काटा उठतो. दुसऱ्या बाजूलाही प्लस दिला की मीटरमधून करंटच वाहत नाही. मीटर नवंकोरं असलं तरी काटा पडूनच राहणार, आणि माणूस म्हणणार मीटर गेलं. शेजारच्या गावचा एक मुलगा असाच आला होता. "काका, काटा त हाललाच नाही, वरून जळल्यासारका वास आला." त्याचं मीटर चांगलं होतं. फ्लोटची गुंडाळी मात्र मधोमध काळी पडून तुटली होती. खर्च वाढला, पण पोरगं धडधाकट समोर उभं होतं, याचंच मला बरं वाटलं.

खरी तपासणी सोपी आहे. चावी बंद ठेवा. टाकीवरच्या स्क्रूची तार काढा, तिला लांब वायरचा तुकडा जोडा आणि त्याचं दुसरं टोक टाकीपासून दूर चेसीच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) स्वच्छ बोल्टला घट्ट बांधा. मगच चावी ऑन करा. अशाने टाकीजवळ ठिणगीचं काम राहत नाही. काटा एका टोकाकडे निघाला की लगेच चावी बंद करा, कारण काही मीटरमध्ये तापून वाकणारी पट्टी असते आणि सरळ अर्थवर फार वेळ ठेवलं तर ती बिघडते. अशा मीटरचा काटा सावकाश चढतो, तेव्हा घाई करू नका. आता तार मोकळी सोडा, पुन्हा चावी ऑन करा. काटा दुसऱ्या टोकाला गेला, तर मीटर आणि तार दोन्ही ठीक. बिघाड टाकीकडे आहे. कुठलं टोक फुलचं आणि कुठलं रिकाम्याचं, हे गाडीप्रमाणे बदलतं. काटा दोन्हीकडे फिरला की पुरे.

इथेच 'काटा बंद म्हणजे मीटर गेलं' या पहिल्या वाक्याचं उत्तरही आहे. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत मीटर खरोखर गेलेलं क्वचित निघतं. बहुतेक वेळा अर्थ गेलेला असतो. टाकी रबराच्या किंवा फेल्टच्या पट्ट्यांवर बसलेली असते, बोल्ट गंजलेले असतात, आपल्याकडच्या काळ्या मातीचा चिखल सीटखाली शिरून वाळलेला असतो. सगळ्यात जास्त घात होतो तो हौसेने रंग दिल्यावर. गाडी चकचकीत होते आणि जिथे लोखंडाला लोखंड टेकायला हवं, तिथे रंगाचा थर बसतो. आमच्या जीपचंही हेच झालं. टाकीचं झाकण घट्ट धरणाऱ्या स्क्रूंपैकी एक काढला, त्याखालचा रंग पॉलिश पेपरने खरवडला, धातू चमकेपर्यंत. टोकाला थिंबल (स्क्रूखाली बसणारी धातूची कडी) लावलेली एक वायर तिथून चेसीला दिली. काटा उठला. खर्च वायरीच्या तुकड्याचा.

पेट्रोलच्या काट्याबरोबर पाण्याच्या तापमानाचाही काटा चुकत असेल, तर टाकीला हातच लावू नका. दोन्हींना करंट एकाच जागेवरून येतो. काही गाड्यांत मध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारी छोटी डबी असते. तिचा अर्थ डॅशबोर्डच्या पत्र्यातून येतो. तो तुटला की सगळेच काटे जास्त दाखवू लागतात, आणि टाकी अर्धी असताना तुम्ही निश्चिंत राहता.

रॉकेलचं उत्तर थोडक्यात. रॉकेलने तुटलेली तार जुळत नाही आणि भोक पडलेला फ्लोट तरंगत नाही. पेट्रोलचा ऑक्टेन मात्र उतरतो, इंजिन ठोकायला लागतं. फ्लोटची शंका असेल तर बॅटरीची तार सोडा, गाडी मोकळ्या अंगणात घ्या, चूल-विडी लांब ठेवा आणि फ्लोट-गुंडाळीचं युनिट टाकीतून बाहेर काढा. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवा. आत डुचमळ ऐकू आली की तो बुडतोय हे नक्की. त्याला घरी झाळ देऊ नका, आत पेट्रोल असतं, नवा घ्या. फ्लोट बुचाचा असेल आणि त्यावर लाखेचा लेप असेल, तर आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये तो लेप सुटतो, बूच पेट्रोल पितं आणि जड होतं. टाकी भरलेली असून काटा हळूहळू खोटं बोलायला लागला, तर हेही तपासा.

'सगळे फ्लोट सारखेच' हे सरळ चूक. काहींचा रोध टाकी भरताना वाढतो, काहींचा कमी होतो. काही ० ते ९० ओहमचे, काही २४० पासून खाली ३३ पर्यंत येणारे. मीटर एका जातीचं आणि फ्लोट दुसऱ्या जातीचा बसला, तर भरलेली टाकी रिकामी दिसेल किंवा काटा अर्ध्याच्या वर कधी जाणारच नाही. दुकानात जाताना जुना फ्लोट सोबत न्या. दांडा वर आणि खाली धरून मल्टिमीटरने ओहम मोजा, गुंडाळी तुटली असेल तर त्याच गाडीचा दुसरा मागा. दांड्याची लांबी आणि वाकही बघा, नाहीतर फ्लोट टाकीच्या तळाला टेकतो.

काडी घालून मोजण्यात मात्र तथ्य आहे, आणि ते मी मान्य करतो. आमच्या वडिलांनी वर्षानुवर्षं काडीवरच काम भागवलं. पण काडी स्वच्छ, कोरडी, खुणा केलेली हवी. कुंपणाची तुराटी टाकीत घातली की तिची सालपटं आत राहतात आणि मग कार्ब्युरेटर साफ करत बसावं लागतं. आणि काडी चालत्या गाडीत बघता येत नाही. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीला निघालेल्या माणसाला जंगलात काडी काय सांगणार? जुनी डिझेल जीप असेल तर आणखी वाईट. टाकी कोरडी झाली की लाइनमध्ये हवा शिरते. कॅनमधून डिझेल ओतलं तरी ती सुरू होत नाही; फिल्टर आणि पंपावरचे स्क्रू सैल करून हवा काढावी लागते. रात्री, पावसात, बायका-पोरं गाडीत असताना हे काम करून बघितलेला माणूस काटा लागतो कशाला, असं कधी विचारणार नाही.

काटा दुरुस्त झाल्यावर एक काम करा. टाकी जवळपास रिकामी असताना पाच-पाच लिटर पेट्रोल घाला आणि दर वेळी काटा कुठे थांबला ते एका चिठ्ठीवर लिहा. गाडी सपाट जागी असू द्या, उतारावर मोजू नका. आमच्या जीपमध्ये ती चिठ्ठी डॅशबोर्डाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली आहे. तिसऱ्या ओळीवर लिहिलंय: १५ लिटर, काटा पाव भागाच्या जरा वर.